रिठा, राख आणि रोजचं धुणं: घरच्या प्रयोगाच्या नोंदी, कोल्हापूर

२ फेब्रुवारी २०२५

आमच्या मोरीचं पाणी परसात जातं. तिथं अळू आहे, केळी आहेत, कडेला कढीपत्ता. मोरीच्या तोंडाशी जमीन पांढरी धरायला लागली आहे आणि अळूची पानं कडेनं करपतात. धुण्याची पावडर बदलून बघितली, फरक पडला नाही. म्हणून ठरवलंय की घरातलं धुणं जमेल तेवढं रिठ्यावर आणि राखेच्या पाण्यावर न्यायचं. ज्यांना हे करायचंय त्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवते.

लक्ष्मीपुरीतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून रिठा एक किलो आणला, १८० रुपये. शिकेकाई पाव किलो, ६० रुपये. दुकानात रिठ्याची दोन पोती होती. एकात सुटी, गोल, मधाळ रंगाची मोठी फळं. ती उत्तरेकडून येतात. दुसऱ्यात तीन-तीन जोडलेली, सुरकुतलेली, गडद फळं. ती आपल्या घाटातली. मी घाटातली घेतली. घेताना फळ दाबून बघायचं. साल चामड्यासारखी वाकली पाहिजे. कुरकुरीत मोडली किंवा आत किड्याची भोकं दिसली तर तो माल जुना.

बी काढण्यात सगळी संध्याकाळ गेली. फेस येतो तो सालीतून, बीचा धुण्याला काही उपयोग नाही. साल बीला चिकटून बसते, नखं दुखतात. दुसऱ्या दिवशी उरलेला रिठा दुपारभर उन्हात टाकला आणि मग वरवंट्यानं हलकेच ठोकला, तेव्हा साल पटापट सुटली. एक किलोतून ५५० ग्रॅम साल निघाली. म्हणजे बी काढलेला रिठा दुकानात तीनशेच्या आसपास मिळत असेल तर तोच घ्यावा. वेळ वाचतो आणि किंमत तीच पडते.

५ फेब्रुवारी

साल मिक्सरमधून काढून पावडर केली. हे कुणीही करू नका. झाकण उघडल्याबरोबर घरभर शिंका, डोळ्यांची आग. नाकाला पदर बांधूनही थांबेना. पावडर कपड्यात टाकली तर शिवणीत, खिशात, कॉलरच्या घडीत तपकिरी कण अडकून बसले, ते वाळल्यावर झटकत बसावं लागलं. पावडर बंद.

९ फेब्रुवारी

सगळीकडे सांगतात ती पिशवीची रीत केली. मलमलच्या पिशवीत सात-आठ साली बांधल्या आणि कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकल्या. पाणी नळाचं, थंड.

या वेळी एक गोष्ट मुद्दाम केली. एकाच बिछान्यावरचे दोन अभ्रे घेतले. एक पिशवीबरोबर मशीनमध्ये, दुसरा नंतर त्याच मशीनमध्ये नुसत्या पाण्यात. वाळवून खिडकीशी उजेडात धरले आणि सासूबाईंना विचारलं, कुठला कुठला ते ओळखा. त्यांना ओळखता आलं नाही, मलाही नाही. दोन्हींना डोक्याच्या तेलाचा वास तसाच.

म्हणजे थंड पाण्यात पिशवी काहीच करत नव्हती, कपडे पाण्यानं आणि घुसळण्यानं जेवढे निघायचे तेवढेच निघत होते. साल कडक असते, तिच्यातलं सत्त्व थंड पाण्यात उतरायच्या आत मशीन थांबतं. अर्धा तास गरम पाण्यात पिशवी भिजत ठेवून मग तेच पाणी पिशवीसकट टाकलं तेव्हा थोडा फेस दिसला. पण गरम पाणी करायचंच असेल तर सरळ काढा का करू नये?

शिवाय पिळताना पिशवीची गाठ सुटली आणि साली मशीनच्या जाळीत गेल्या. ती साफ करण्यात सकाळ मोडली.

१४ फेब्रुवारी

काढा. सासूबाई केसांसाठी रिठा-शिकेकाई लोखंडी कढईत भिजवतात, म्हणून तीच कढई घेतली. रात्रभर भिजवून सकाळी उकळलं. पाणी काळंशार झालं. केसांना ते चांगलंच, तिथं काळेपणा हवाच असतो. पण त्यात घातलेल्या पांढऱ्या बनियनवर राखाडी ढग उमटले. शिकेकाईतला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आलं की असा काळा रंग धरतो. साबणानं घासून तो गेला नाही. लिंबू आणि मीठ चोळून कडक उन्हात ठेवलं, वाळलं की परत लिंबू लावलं, तेव्हा बराचसा उतरला. एका बनियनवर अजून दिसतो.

लोखंडी भांडं नाही आणि पांढऱ्या कपड्याला शिकेकाई नाही, हे इथंच ठरलं. शिकेकाईचा पिवळट-तपकिरी रंगही पांढऱ्या सुतात बसतो. उरलेली शिकेकाई केसांना गेली.

१६ फेब्रुवारी

गुजरीत पैंजण दुरुस्तीला टाकायचे होते. सराफ आमच्या ओळखीचे. त्यांच्याकडं दागिने धुवायला रोज रिठा लागतो, आणि हुपरीच्या चांदी कारागिरांकडंही. म्हणून त्यांनाच विचारलं. त्यांनी आतून भांडं आणून दाखवलं. स्टीलचं पातेलं, आत चहापेक्षा फिक्कं पाणी, वर पांढरा फेस.

"वहिनी, काळं पाणी झालं म्हणजे बिघडलं समजायचं. साल तेवढी घ्या, खळाखळा उकळू नका, आणि गाळायचा कंटाळा करू नका. आमचं नक्षीत अडकतं, तुमचं कापडात अडकंल."

घरी येऊन त्यांच्या पद्धतीनं केलं आणि हे प्रमाण कायम झालं. १०० ग्रॅम साल, दीड लिटर पाणी, स्टीलचं पातेलं, रात्रभर भिजत. सकाळी झाकण न ठेवता मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. झाकण ठेवलं की फेस भसकन उतू जातो आणि गॅसवर चिकटून बसतो, तो खरवडायला फार जड जातो. कोमट झाल्यावर हातानं साली कुस्करायच्या.

गाळणं हेच खरं काम. चहाच्या गाळणीतून बारीक गर खाली उतरतो. म्हणून आधी गाळणीतून, मग जुना पंचा दुहेरी करून त्यातून. पहिल्यांदा पंचा पिळला तर गर कापडातून पलीकडे आला आणि सगळं गढूळ झालं. पिळायचं नाही. पंचा पातेल्यावर बांधून ठेवायचा आणि आपल्या कामाला लागायचं. तासाभरात खाली पारदर्शक, मधाच्या रंगाचं पाणी जमतं, बोटांना बुळबुळीत लागतं, वास थोडा आंबूस, गुळाच्या काकवीकडं झुकणारा. पंच्यावर उरतो तो गर मी तांब्या-पितळेला लावते. १०० ग्रॅमचं साधारण एक लिटर होतं. त्याच साली परत पाऊण लिटर पाण्यात उकळल्या तर दुसरं, पातळ पाणी निघतं. ते पायपुसणी आणि फरशीला.

२३ फेब्रुवारी

आठवड्याचं धुणं काढ्यावर. एका बादलीला १५० मिली काढा. गरम नाही, पण हाताला कोमट लागेल एवढं पाणी. अर्धा तास भिजत, मग मशीन.

रोजचे परकर, गाऊन, मुलांचे घरातले कपडे, रंगीत शर्ट छान निघाले. रंग ताजे दिसतात, हाताला कापड मऊ लागतं. शाळेच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर निघाली नाही. भाजीच्या तेलाचा डाग निघाला नाही.

फेसाबद्दल एक सांगते, कारण यात माझे बरेच दिवस गेले. फेस कमी दिसला की मी काढा वाढवत होते. १५० चं ३०० मिली केलं तरी कॉलर तेवढीच मळकी, आणि खळबळायला पाणी मात्र दुप्पट लागलं. रिठ्यात मळ सोडवणारा पदार्थ आहे, पण पावडरीत जे डाग खाणारं आणि पांढरं चमकवणारं वेगळं घातलेलं असतं ते यात नाही. काढा वाढवून ते येत नाही. भिजण्याचा वेळ वाढवला तर मात्र फरक पडतो.

एक फायदा मला आधी माहीत नव्हता. आमच्या नळाला काळम्मावाडी धरणाचं पाणी येतं, पण ते न आल्या दिवशी बोअर. बोअरच्या पाण्यात साबणाची वडी लावली की वर साय धरते आणि काळ्या कपड्यावर पांढरे पट्टे राहतात. रिठ्याला तसं होत नाही. जड पाण्यातही त्याची साय धरत नाही. ज्यांच्याकडं फक्त बोअरचं पाणी आहे त्यांनी एवढ्यासाठी तरी करून बघावं.

८ मार्च

काढा नासला. ऊन वाढलंय. ओट्यावर ठेवलेली बाटली तिसऱ्या दिवशी फुगली, बूच उडालं, आंबलेला वास. त्यात धुतलेल्या चादरीला तोच वास बसला, परत धुवावी लागली.

आता असं करते: गाळून झाल्यावर परत एक उकळी, मग लिटरला एक सपाट चमचा लिंबूसत्त्व, गरम असतानाच उकळून घेतलेल्या काचेच्या बाटलीत, गार झाल्यावर फ्रिजमध्ये. आठवडाभर नीट राहतं. जास्त केला तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवते. ट्रे वेगळा ठेवा आणि त्यावर लिहा. घरात मुलं आहेत, सरबतात जायला नको. बाटलीही सरबताची नको. पोटात गेलं तर उलट्या होतात, डोळ्यात गेलं तर फार झोंबतं.

२० मार्च

काल रंगपंचमी. पक्के रंग रिठ्यानं निघत नाहीत. काढा न पातळ करता लावून ठेवला तरी नाही. त्या कपड्यांवर वेळ घालवू नका.

३० मार्च

पाडवा. माहेरी वडणग्याला जाऊन आले. येताना राख आणली.

हे सासूबाईंमुळं सुचलं. चादरी आणि पंचे रिठ्यात मळकट राहतात म्हणून मी कुरकुरत होते, तर त्या म्हणाल्या, "अगं, आमच्या वेळंला रिठं लुगड्याच्या काठाला आन् लोकरीला. चादरीला रिठं कोण घालतंय? चादरीला राख."

एवढं सरळ वाक्य, पण दोन महिने मी उलटं करत होते. सगळ्या कपड्यांना एकच औषध लावत होते.

आधी गुऱ्हाळावरची राख घेतली, कारण ती पोत्यानं फुकट मिळते. बुडाशी भोक असलेल्या जुन्या माठात भोकावर नारळाच्या शेंड्या, त्यावर फडकं, वर राख, आणि हळूहळू गरम पाणी. खाली ठिबकलेलं पाणी बोटांना जेमतेम निसरडं लागलं. कपडे घातले तर काही नाही. चिपाडाच्या राखेत वाळूसारखा कचरा फार आणि खार कमी, भट्टीत तिचे काचेसारखे गठ्ठे झालेले असतात. अख्खं पोतं परत.

मग वहिनीच्या चुलीतली राख, बाभळीच्या लाकडाची. कोळसे चाळून काढले, नाहीतर पाणी काळसर येतं. ही कामाची. पहिलं ठिबकलेलं पाणी फिक्कट पिवळं आणि चांगलंच निसरडं. परसातल्या वाळलेल्या केळीच्या सोपटांची राख याहून तिखट निघाली, पण ढीगभर सोपटं जाळून ओंजळभर राख मिळते, म्हणून ती कॉलरीपुरती.

हातमोजे घाला. निसरडं लागतं ते आपलीच कातडी विरघळायला लागलेली असते. आणि हे पाणी जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका, भांडं खातं. प्लॅस्टिकची बादली किंवा स्टील.

६ एप्रिल

भाचा तालमीत जातो. त्याचा लंगोट आणि पंचा कुठल्याच पावडरीनं नीट निघत नाही, कारण कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती नुसती माती नसते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर मुरवलेलं असतं. माती सुताच्या पिळात बसते आणि तेल तिला धरून ठेवतं.

आधी कोरडाच दगडावर आपटला. यात निम्मी माती पडते. ओला केला की तीच चिखल होऊन आत जाते. मग दहा लिटर कडक गरम पाण्यात एक लिटर राखेचं पाणी, त्यात लंगोट.

घातल्या घातल्या लंगोट लाल झाला. मातीचा तांबूस नाही, कुंकवाचा लाल. पाणीसुद्धा लाल. भाचा शेजारीच उभा होता. "मामी, हे काय केलंस? वस्ताद काय म्हणतील!" मलाही क्षणभर कळेना. मग लक्षात आलं की ही हळद. हळदीला खार लागला की ती लाल होते, कुंकू करतात ते असंच. कोपऱ्यावर लिंबू पिळलं, तिथल्या तिथं पिवळा. तासाभरानं काढून धोपटण्यानं धोपटला, खळबळला, मग रिठ्याच्या काढ्यात अर्धा तास, परत खळबळला, शेवटच्या पाण्यात एक लिंबू. लाल गेला, माती गेली, तेल गेलं, पिवळट झाक राहिली. ती उन्हानं काढली. हळद उन्हात टिकत नाही. ओलाच दोरीवर टाकला, दुपारी परत पाणी मारलं, संध्याकाळी पिवळा शोधावा लागत होता.

तांबड्या रश्श्याच्या डागालाही आता हेच. राख तेलाला, ऊन हळदीला. मिरचीचा रंग थोडा रेंगाळतो, पण दोन धुण्यांत तोही जातो.

यातून एक सोय झाली. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेले कागदाचे तुकडे डब्यात ठेवलेत. राखेच्या पाण्याचा थेंब टाकायचा. गडद लाल झाला तर पाणी तिखट, नुसता केशरी झाला तर परत नव्या राखेतून काढायचं. आणि चादर शेवटच्या पाण्यातून काढल्यावर पिळून आलेला थेंब टाकायचा. कागद पिवळाच राहिला पाहिजे. लाल झाला तर खार कापडात आहे, अजून खळबळा.

१३ एप्रिल

काल जोतिबाची चैत्र यात्रा. घरातले सगळे गुलाबी होऊन आले. गुलाल आधी कोरडा झटकला, मग भरपूर गार पाण्यात नुसतं खळबळलं, मग रिठा. रंगीत कपडे निघाले. पांढरा सदरा गुलाबीच आहे, तो आता यात्रेचा सदरा.

२७ एप्रिल

सासूबाईंचं इरकल आणि माझी पैठणी. इथं रिठा खरा शोभतो. राखेच्या पाण्याला रेशीम आणि लोकर दाखवायचीसुद्धा नाही, खार धागा खातो. रिठा सौम्य. काठाची जर त्यानं काळी पडत नाही.

आधी इरकलीच्या आतल्या कोपऱ्यावर काढ्याचा थेंब टाकून पांढऱ्या फडक्यानं दाबून बघितलं. लाल काठाचा रंग फडक्याला लागला. म्हणून भिजत न घालता गार पाण्यात पातळ काढा, दोन मिनिटं नुसतं वर-खाली, लगेच दोन गार पाणी, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, सावलीत वाळवायचं. काठ फुटला नाही. पैठणीला घामाचा जुना वास होता, तो गेला.

घोंगडंही काढलं. पट्टणकोडोलीच्या यात्रेत घेतलेलं, सनगरांनी विणलेलं. गार पाणी, काढा, पायानं हलकं तुडवणं. नव्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ असते, ती पाण्यात सुटते आणि पाणी चिकट होतं. पहिली दोन पाणी तशीच जाऊ द्या. ओलं घोंगडं एकट्याला उचलत नाही, दोघं लागतात. दोरीवर लोंबकळत टाकलं तर लांबट होतं, म्हणून बाजेवर पसरलं. खळ गेल्यानं आता मऊ झालंय. सासऱ्यांना ते आवडलं नाही, त्यांना टोचणारंच हवं.

आणि मासे. आमच्या मागच्या टाकीत डासांसाठी गप्पी मासे सोडलेत. रिठ्याचा फेस माशांच्या कल्ल्यांना बाधतो, ओढ्यात रिठा टाकून मासे धरायची जुनी रीत आहे ती याचमुळं. म्हणून मोरीच्या पाइपचं तोंड टाकीपासून लांब, थेट केळीच्या आळ्यात वळवलं. प्लंबरचे ४५० रुपये. झाडपाल्याचं आहे म्हणून रंकाळ्याच्या किंवा पंचगंगेच्या काठी रिठ्यानं धुणं धुवायला बसू नये, हे मला मनापासून सांगायचंय. मातीत जाऊ द्या, वाहत्या-साचत्या पाण्यात नको. राखेचं पाणी मात्र मी केळीलाही घालत नाही, ते गटारीला सोडते.

२५ मे

मे महिन्यातच पाऊस लागलाय. कपडे वाळत नाहीत आणि कुबट वास येतो. पावडरीच्या सुगंधाखाली हा वास झाकला जायचा, रिठ्यात झाकला जात नाही. लिंबाचं पाणी, कापूर, काही चाललं नाही. काढा १५० वरून १०० मिलीवर आणला, शेवटचं पाणी गरम घेतलं, दोनदा पिळलं आणि पंख्याखाली टाकलं, तेव्हा रोजच्या कपड्यांचा वास गेला. जाड टॉवेलांचा गेला नाही. ते दर आठवड्याला राखेच्या गरम पाण्यात.

२० जुलै

सध्या घरात चालतं ते असं. रंगीत, रोजचे कपडे आणि लहान बाळाची दुपटी रिठ्यावर. रेशीम, लोकर फक्त रिठ्यावर. चादरी, पंचे, टॉवेल, लंगोट राखेवर आणि मग रिठ्यावर. शाळेचे पांढरे शर्ट आणि यांचे कंपनीतले ग्रीसचे कपडे परत पावडरीवर नेलेत. कॉलर सोडली तर पांढरे शर्ट रिठ्यात स्वच्छ निघतात पण चार महिन्यांत पिवळट दिसायला लागले, आणि वर्गात मुलीला कुणी बोललं. तिथं माझा हट्ट तिच्या अंगावर कशाला? ते पाणी वेगळ्या बादलीत घेऊन गटारीत ओतते.

खर्चाचं: १८० रुपयांच्या रिठ्यात साडेपाच लिटर काढा, म्हणजे १५० मिलीच्या हिशेबानं ३६ बादल्या, बादलीला ५ रुपये, गॅस वेगळा. पावडरीला आम्हाला जवळपास तेवढेच पडत होते. पैसे वाचतील म्हणून कुणी यात पडू नये. वेळ आठवड्याला दीड-दोन तास जास्त जातो, तोही गाळण्यात आणि राख चाळण्यात. अळूला नवी पानं आली आहेत आणि ती करपलेली नाहीत, पण पाऊस असा पडतोय की याचं श्रेय कुणाला द्यायचं ते उन्हाळ्यातच कळेल.

अडलेलं अजून एक आहे, अभ्रे. डोक्याच्या तेलाचा वास राखेनं निम्मा जातो, पूर्ण जात नाही. पुढच्या खेपेला केळीच्या राखेचं पाणी आदल्या रात्री लावून ठेवून बघणार आहे. आणि राधानगरीकडच्या एका ओळखीच्या बाईंना सांगून ठेवलंय, फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडाखाली नवा रिठा पडला की पाच किलो, बी काढून, उन्हात वाळवून.